दहापैकी चार

सिस्टरने विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" आणि आमच्या बाईंनी नीट विचार करून उत्तर दिलं, "चार."

सिस्टरने मान वर न करता केसपेपरवर चारचा आकडा काढला, त्याला गोल केला आणि म्हणाली, "बाहेर खुर्चीवर बसा. पुकारतील."

त्या दिवशी पुढे जे झालं ते त्या गोलातल्या चारामुळे. मी, बाईंची धाकटी जाऊ, शेजारीच उभी होते. पन्नास वर्षं आम्ही एका छपराखाली काढलेली. तोंड उघडायला हवं होतं ते मी. पण मी बाईंची पिशवी छातीशी धरून मनात म्हणत होते, चला, चारच आहे. म्हणजे इतक्या वर्षांनी मीसुद्धा फसले.

बाईंनी छत्तीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. आमच्या रस्त्यावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई. पोटची दोन मुलंही त्यांना बाईच म्हणत, कारण दोघं त्यांच्याच वर्गात होती आणि वर्गात आई म्हणायला परवानगी नव्हती. ती सवय गेलीच नाही. "बाई, तू जेवलीस का?" असं आमच्या घरात ऐकलं की पाहुणे बुचकळ्यात पडत.

दहापैकी दहा बाईंनी जन्मात कोणाला दिले नाहीत. "दहा दिले की पोर तिथंच बसतं," म्हणायच्या. सगळं बरोबर असलं तर सात. अक्षर वळणदार असलं तर साडेसात. आणि ही मार्क द्यायची खोड शाळेच्या फाटकाशी थांबत नसे, ती त्यांच्याबरोबर घरी यायची. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी सगळ्यांना चहा केला. जो तो छान छान म्हणाला. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाच." मी न्हाणीघरात जाऊन रडले. पाच म्हणजे दुसऱ्या घरातलं 'वा, क्या बात है', हे कळायला मला सहा महिने लागले. माझे मोठे दीर, म्हणजे बाईंचे यजमान, थट्टेखोर. ते म्हणत, "मला मरेपर्यंत सात मिळाले तरी मी खूश." त्यांना आठ मिळाले, पण ते गेल्यावर. एका दुपारी भिंतीवरच्या फोटोची काच पुसता पुसता बाई म्हणाल्या, "आठ होते हं तुमचे." मी दाराआड होते म्हणून ऐकलं.

धाकट्या लेकीच्या, बेबीच्या वेळी त्या दीड दिवस अडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी देव आठवले होते. त्या दुखण्याला बाईंनी मागाहून सहा दिले. आणि आज पोटाला चार.

बाहेरच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. एक माणूस उठला की ओळीतले सगळे हलायचे. समोर काचेची खिडकी होती, आणि बोलण्यासाठी काचेला भोक होतं ते इतकं खाली की विचारायला गेलेल्या प्रत्येकाला कमरेत वाकावं लागे. आतला माणूस मात्र ताठ बसलेला. बाई त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "ज्याने ही काच बसवली त्याला दोन."

"दुखतंय का फार?" मी विचारलं.

"सांगितलं ना. चार."

आदल्या संध्याकाळी दुखायला लागलं ते बेंबीपाशी. रात्रभर त्यांनी कोणाला उठवलं नाही. सकाळी मीच म्हटलं, पोटात वारा धरला असेल, जरा ओवा खा. ते माझे शब्द मला अजून टोचतात. दहाच्या सुमारास दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि उलटी झाली, तेव्हा दादाने छापखान्यात फोन करून रजा टाकली आणि आम्हाला घेऊन आला.

दादा म्हणजे बाईंचा थोरला. छापखान्यात मशीन चालवतो. एका कागदामागून दुसरा कागद, आपापल्या जागी, आपापल्या वेळी, यात त्याचं आयुष्य गेलेलं. रांगेवर त्याची श्रद्धा. तो मला नंतर म्हणाला, "काकू, मी त्या खिडकीशी चार वेळा गेलो. दर वेळी वाकलो की वाटायचं, आपणच काहीतरी चुकीचं मागतोय." पहिल्यांदा आतला माणूस म्हणाला, बसा. दुसऱ्यांदा म्हणाला, सांगितलं ना बसा. तिसऱ्यांदा तो फोनवर होता आणि त्याने नुसता हात केला, माशी हाकलावी तसा. दादा परत येऊन म्हणाला, "गर्दी आहे त्यांना. त्यांचं काम त्यांना करू दे."

साडेबाराला एक डॉक्टर आले. तरणे, डोळ्यांखाली काळं. बाईंसमोर थांबले, पण पाहिलं ते केसपेपरकडे. "चार? गॅस असेल. या वयात होतं." आणि एका औषधाचं नाव खरडून पुढच्या खुर्चीकडे गेले. पोटाला हात लावला नाही.

"वय मला विचारलंही नाही," बाई म्हणाल्या. "अंदाजपंचे."

सून, दादाची बायको, आली तेव्हा एक वाजत आला होता. ती शिलाईच्या मशीनवरून उठली तशीच आली होती. गळ्यात टेप, बाहीला दोन टाचण्या. तिचं नि बाईंचं त्या वर्षी बिनसलं होतं. पुढची खोली, जिथं बाई शिकवण्या घेत, तिथं सुनेने शिवणाचं दुकान थाटलं, फळा उतरवला आणि त्या जागी कपड्यांची दांडी बसवली. तेव्हापासून बाई तिच्याशी मोजकंच बोलत. चहा, चार. भाजी, साडेतीन. मी आणि बेबी बाईंच्या बाजूने. दादा मध्ये, वर्तमानपत्र उघडून.

ती आली आणि बाईंसमोर उकिडवी बसली. "काय म्हणाले डॉक्टर?"

"गॅस," दादा म्हणाला. "चारच दुखतंय म्हणाली ना ती."

सुनेने वर पाहिलं. "चार सांगितले तुम्ही?"

"चार आहेत म्हणून चार सांगितले," बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्या चहाला चार देता तुम्ही. आणि तो चहा चांगला असतो."

"पातळ असतो."

सून उठली, थेट आतल्या दाराशी गेली. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. एका पेशंटबरोबर एकच, आणि तेही पुकारल्यावर. मग ती खिडकीशी गेली. सिस्टर तिथंच कागद लावत उभी होती. सून वाकून सांगत होती, सिस्टर, आमच्या सासूबाईंचे चार म्हणजे तुमचे आठ समजा, त्या कमी मार्क देतात, मास्तरीण होत्या. ओळीतल्या दोघी-तिघी हसल्या. सिस्टर हसली नाही. ती म्हणाली, "हे बघा, पेशंटने चार सांगितले, मी चार लिहिले. माझ्या मनाने वाढवू का? इथं प्रत्येकाच्या घरचे म्हणतात आमचंच जास्त आहे."

खोटं नव्हतं. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिच्या सपातांचा एक बंद तुटलेला होता आणि तो तिने चिकटपट्टीने बांधला होता.

सून परत आली तेव्हा दादा पुटपुटला, "कशाला शोभा करतेस?" आणि मी, देवाशपथ सांगते, मान डोलावली.

दोन वाजता पाळी बदलली. चिकटपट्टीवाली गेली, दुसरी आली. कागदांचा एक गठ्ठा एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये गेला. आमच्यानंतर आलेला एक मुरगळलेला पाय आत जाऊन पट्टी बांधून बाहेर आला. दादा चौथ्यांदा वाकला, आणि उत्तर आलं की बाईंचा केसपेपर सापडत नाही, नवीन काढा.

तेवढ्यात बेबी पोचली. पन्नाशी आली तरी बेबीच. एका मोठ्या ऑफिसात ती हेडक्लार्क आहे, आणि तिच्या समोर टेबलामागे बसलेला कोणीही माणूस तिला आधी अर्जदारासारखाच दिसतो. "तीन तास?" ती दारातूनच म्हणाली. "दादा, तू तीन तास काय करत होतास? आणि वहिनी, तू तरी? काल रात्रीपासून दुखतंय, घरात कोणाला पत्ता नाही?"

"काल रात्री त्या माझ्याशी बोलत नव्हत्या," सून शांतपणे म्हणाली.

"बोलत नव्हती म्हणजे? दिसत नाही का माणसाला?"

"बेबी, हळू," दादा म्हणाला.

"हळू बोलूनच ही वेळ आलीय." ती खिडकीशी गेली. वाकली नाही. काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "तक्रारवही कुठाय?"

आतला माणूस म्हणाला, तक्रारवही वरच्या मजल्यावर, साहेबांकडे. साहेब जेवायला गेलेत.

"मग येईपर्यंत मी अर्ज लिहिते," बेबी म्हणाली आणि पर्समधून कोरा कागद काढून जिना चढून गेली. अर्ज लिहिण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण त्या घटकेला माझ्या मनात आलं की ही पोरं आपापल्या कामातलं जे येतं तेच करतायत; एक रांगेत उभा, दुसरी अर्ज लिहितेय, आणि बाई मार्क देतायत.

नवीन केसपेपर झाला. नवीन सिस्टर स्वतः बाहेर आली, हे तिचं चांगलं. "आजी, आता किती? दहापैकी?"

बाईंनी पोटाकडे पाहिलं, जणू तिथं वही उघडी होती. "आता कमी झालंय. दोन."

दादाने सुस्कारा सोडला. मीसुद्धा. बेबी जिन्यावरून उतरतच होती, तिने ऐकलं. ती सुनेला म्हणाली, "बघ. उगीच सगळ्यांना घाबरवून सोडलंस." दादा चहा आणायला गेला. मी पिशवीतून बिस्किटं काढायला लागले. सगळं सैल झालं.

आणि मग मी पाहिलं, की बाई खुर्चीला टेकल्यात.

जे बाईंना ओळखत नाहीत त्यांना यात काही वाटणार नाही. बाई खुर्चीत बसल्या की त्यांच्या पाठीत आणि खुर्चीच्या पाठीत एक चार बोटांची फट असे. वर्गात, घरात, लग्नात, कुठंही. दीर गेले त्या दिवशी सगळ्या बायका कोसळून पडल्या होत्या आणि बाई त्या फटीसकट बसल्या होत्या. आता ती फट नव्हती. मान मागे, तोंड किंचित उघडं, आणि ओठांवरून रंग पुसल्यासारखा.

मला बेबीला हाक मारता आली असती. वर्षभर आमची तीच जोडी होती. पण माझ्या तोंडून निघालं ते, "सूनबाई, बाई टेकल्यात गं."

ती एकदाच बघून उठली. पुढचं तिने मला कितीतरी दिवसांनी, काजं करता करता सांगितलं. "काकू, मी त्यांच्याकडे माणूस म्हणून बघितलंच नाही. अंगावर कपडा कसा बसलाय ते बघितलं. कंबरेशी काच पडला होता. मी शिवलेला कपडा, मला माहीत आहे ना तिथं किती सैल सोडलंय ते. दोन बोटं जायला हवी होती आत. एकही जात नव्हतं."

तिने गळ्यातली टेप काढली आणि तिथंच, भर हॉलमध्ये, बाईंच्या पोटाभोवती फिरवली. बाईंनी डोळे उघडले.

"काय करतेस?"

"माप घेतेय. बोलू नका."

मागल्या महिन्यात बाईंचे दोन सुती गाऊन तिने शिवले होते. बाईंनी शिवणाला साडेपाच दिले होते, आणि तिला मापाच्या वहीत बघण्याची गरज नव्हती. एकतीस. आता टेप चौतीसवर होती. आणि पोट, ती म्हणाली, हाताला लाकडी फळ्यासारखं लागत होतं. तोच फळा, जो तिने उतरवला होता. हे तिच्या मनात त्या क्षणी आलं, असं ती म्हणाली. मला वाटतं नंतर आलं असेल, पण ते असो.

चौतीसच्या आकड्यावर अंगठा दाबून ती आतल्या दाराशी गेली. सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला, मग टेपकडे पाहिलं. "युनिफॉर्मच्या मापाला आलात होय? दोन महिने झाले सांगून."

सून म्हणाली, "हो."

"माझी बाही आखूड झालीय, तेवढं बघा."

"येताना बघते," म्हणून ती आत गेली.

बेबी माझ्याकडे बघत राहिली. "खोटं बोलली ती," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "बरं झालं."

आत एक मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. पांढरे केस, उभ्यानेच चहा पीत होत्या. सुनेने रडारड केली नाही, आरडाओरडा केला नाही. अंगठा तसाच ठेवून टेप पुढे धरली. "डॉक्टर, मी शिंपीण आहे. महिन्यापूर्वी हे माप एकतीस होतं, मी स्वतः घेतलंय. आज चौतीस आहे आणि पोट कडक आहे. त्या म्हणतात दुखणं कमी झालं. सकाळी अकरापासून बाहेर बसल्यात. त्यांचा आकडा ऐकू नका, माझा ऐका."

डॉक्टरीणबाईंनी कप ठेवला. "दुखणं कधी कमी झालं?"

"थोड्या वेळापूर्वी. एकदम."

त्या तशाच निघाल्या. बाहेर आल्या, बाईंसमोर वाकल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी बाईंच्या पोटावर हात ठेवला. हात ठेवला तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. हात उचलला तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज आला. मी पन्नास वर्षांत तो ऐकला नव्हता.

"स्ट्रेचर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी खिडकीमागचा माणूस ताडकन उभा राहिला. "यांना गॅस कोणी लिहिलाय?"

आतड्याचं शेपूट, अपेंडिक्स, फुटलं होतं. फुटलं की आधी ताण जातो, दुखणं उतरतं, माणसाला बरं वाटतं. मग विष पसरतं. बाईंनी दोन मार्क अगदी प्रामाणिकपणे दिले होते.

ऑपरेशन अडीच तास चाललं. आम्ही चौघं एका बाकावर. दादाने आणलेला चहा कपातच थंड झाला. बेबीच्या मांडीवर तिचा अर्ज, दोन पानं, स्वच्छ अक्षरात, वेळेसह. बऱ्याच वेळाने ती सुनेला म्हणाली, "वहिनी, यात तुझं माप घालायचंय. किती होतं आधी?"

"एकतीस."

"आणि मग चौतीस." बेबीने लिहिलं. "रात्रीवरून मी मघाशी बोलले ते..."

"असू दे ताई. खरंच दिसायला हवं होतं मला."

"मला दिसलं असतं?" बेबी म्हणाली. "मी तर सणसणीत अर्ज लिहीत बसले."

दादाने सुनेच्या बाहीतल्या दोन टाचण्या एक एक करून काढल्या आणि आपल्या खिशाला लावून ठेवल्या. मला वाटतं, लग्नानंतर चारचौघांत त्याने तिला पहिल्यांदाच हात लावला.

सहाला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "वाचल्या. आणखी एक तास गेला असता तर मी असं म्हणू शकले नसते." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "अर्ज लिहिलाय ना? द्या. वर मी स्वतः नेते. आमच्याकडून चूक झाली."

आज इतक्या वर्षांनी त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच वाक्य. इतकी माणसं त्या दारातून गेली असतील; ते किती जणांच्या कानावर पडलं असेल? त्या रात्री परतताना सुनेने फाटकाशी थांबून सिक्युरिटीवाल्याच्या बाहीचं माप घेतलं. दिलेला शब्द होता म्हणे.

तिसऱ्या दिवशी बाईंना वॉर्डात आणलं. नाकात नळी, हाताला सलाइन, पण उशीपासून मान उचललेली. आम्ही सगळे भोवती. तीच चिकटपट्टीवाली सिस्टर आली. तिची पाळी आता त्या मजल्यावर होती. तिने आम्हाला ओळखलं आणि क्षणभर दारात थबकली. मग पुढे येऊन, या वेळी बाईंच्या डोळ्यांत बघून, तिने विचारलं, "आजी, आज किती दुखतंय? दहापैकी?"

बाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तीन येणार. दादानेही डोळे मिटून घेतले होते.

पण बाई थांबल्या. सून पायथ्याशी उभी होती, गळ्यात टेप नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, नवीन मुलीचा पेपर आधी नुसता वाचून काढावा तसं.

"मला नका विचारू," त्या सिस्टरला म्हणाल्या. "तिला विचारा."

सुनेने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं ते चादरीखालच्या मुठीकडे, उजव्या खांद्याकडे, आणि पाठ नि उशी यांच्यातल्या फटीकडे.

"आठ," ती म्हणाली. "इंजेक्शन द्या त्यांना."

सिस्टरने आठ लिहिले. बाई सावकाश उशीला टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.